मुलाखतीत माणूस ओळखायचा कसा: स्वभाव आणि पुढाकार उलगडणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर हवा असतो, शहापुरातल्या साडीच्या दुकानाला काउंटरवर माणूस हवा असतो, एखाद्या पतसंस्थेला पिग्मी एजंट, म्हणजे रोज फिरून ग्राहकांची बचत गोळा करणारा, हवा असतो. तिन्ही ठिकाणी मुलाखतीची सुरुवात एकच: ‘स्वतःबद्दल सांगा.’ उमेदवार शिक्षण सांगतो, गाव सांगतो, ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ म्हणतो आणि वीस मिनिटं सरतात. हे वाक्य प्रामाणिक माणूसही म्हणतो आणि अप्रामाणिकही, त्यामुळे निवड शेवटी चेहरा, बोलणं आणि कोणाच्या ओळखीने आला यावर होते.

स्वभाव थेट विचारून कळत नाही. माणसाने केलेल्या एखाद्या कामाच्या तपशिलात शिरलात की तो कळायला लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली हीच पद्धत नीट मांडली: एखादं काम उत्तम झालं किंवा पार बिघडलं असे खरे प्रसंग गोळा करायचे आणि त्या क्षणी माणसाने नेमकं काय केलं ते पाहायचं. मुलाखतीत ती कशी वापरायची, ते पुढे कामाच्या क्रमाने दिलं आहे.

आधी जागेचा अभ्यास

प्रश्न लिहिण्यापूर्वी त्या जागेवर रोज देखरेख करणाऱ्या माणसाला गाठा. मालकापेक्षा सुपरवायझर किंवा शाखेतला जुना कारकून हे जास्त अचूक सांगतो. त्याला दोनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षात या जागेवरच्या माणसामुळे काम वाचलं, असं कधी झालं? आणि त्याच्यामुळे नुकसान झालं, असं कधी? असे सहा-सात प्रसंग कागदावर आले की जागेला लागणारे गुण आपोआप दिसतात. मशीनशॉपमध्ये बहुतेक वेळा ‘शंका आली तर थांबतो आणि सांगतो’ हा गुण निघतो. पिग्मीच्या कामात पैशाचा चोखपणा आणि नियमितपणा निघतो. काउंटरवर चिडलेल्या ग्राहकापुढे डोकं शांत ठेवणं.

यातले तीनच गुण निवडा. सात गुण तपासायला गेलात की प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात कुठल्याच प्रसंगाच्या तळाशी जाता येत नाही. तीन गुणांसाठी चार प्रश्न पुरतात. प्रत्येकाला सहा-सात मिनिटं, सुरुवातीला माणूस सावरायला पाच मिनिटं, शेवटी त्याच्या प्रश्नांना पाच, आणि तो बाहेर गेल्यावर गुण लिहायला पाच. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत एक मुलाखत नीट होते. दिवसात सहापेक्षा जास्त बोलावू नका. दुपारनंतर आलेल्यांना थकलेला मुलाखतकार मिळतो आणि तो अन्याय त्यांच्या गुणांत उतरतो.

सगळ्या उमेदवारांना तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने. पाठपुरावा मात्र प्रत्येकाच्या उत्तराप्रमाणे वेगळा.

भाषा कोणती?

आपल्या भागात हा प्रश्न पहिल्यांदा सोडवावा लागतो. बेळगावच्या एकाच कारखान्यात खानापूरचा मराठी मुलगा, गोकाकचा कन्नड मुलगा आणि हिंदी बोलणारा परप्रांतीय कामगार शेजारी उभे असतात. महाराष्ट्रातल्या चंदगडहून हद्द ओलांडून रोज येणारेही असतात. यांच्यापैकी कोणालाही इंग्रजीत ‘एखादा अवघड प्रसंग सांगा’ म्हटलं, तर तुम्ही पुढाकार तपासत नाही, इंग्रजी तपासता. मुलगा अडखळतो, तुम्ही ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहिता आणि चांगला माणूस हातचा जातो.

प्रसंगाचे प्रश्न उमेदवार ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत विचारा. बसल्याबसल्या सांगून टाका: ‘मराठी, कन्नड, हिंदी, जे जमेल त्यात बोला, मिसळून बोललात तरी चालेल.’ तुम्हाला कन्नड नीट येत नसेल तर ते येणारा सहकारी शेजारी बसवा. नोकरीला कन्नड लिहिणं किंवा इंग्रजी ड्रॉइंग वाचणं लागत असेल तर त्याची चाचणी वेगळी घ्या, दहा मिनिटांची, आणि गुणही वेगळे द्या. दोन्ही एकत्र मोजलं की निकालाचा अर्थच लागत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. कर्नाटकातून आलेला ‘एसएसएलसी’ आणि ‘पीयूसी’ सांगेल, महाराष्ट्रातून आलेला ‘दहावी’ आणि ‘बारावी’. जाहिरातीत दोन्ही शब्द लिहा, म्हणजे अर्ज करावा की नाही या शंकेने कोणी थांबणार नाही.

पुढाकाराचा प्रश्न

मुख्य प्रश्न असा विचारा: ‘कोणी सांगितलेलं नसताना तुम्ही स्वतः होऊन अंगावर घेतलेलं एक काम सांगा. लहान असलं तरी चालेल.’

‘लहान असलं तरी चालेल’ हे वगळू नका. ते नसलं की उमेदवार मोठ्ठं काहीतरी शोधत बसतो किंवा रचतो. मग गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता मुलाखतकाराला जड जाते आणि तो मध्येच उदाहरणं देऊन उत्तर हातात ठेवतो. मनात दहा आकडे मोजा. खरा प्रसंग आठवायला तेवढा वेळ लागतोच.

पहिल्या उत्तराला गुण देऊ नका. खरी मुलाखत पाठपुराव्यात आहे. हे तुमच्या लक्षात कधी आलं, आणि कशावरून? मुळात ते काम कोणाचं होतं? त्याला विचारलंत का? पहिल्या दिवशी नेमकं काय केलंत? कशात अडलं? आता ते काम कोण बघतं? हे प्रश्न रोजच्या गप्पांसारखे विचारा, उलटतपासणीच्या सुरात नको. ज्याने खरंच केलंय त्याच्याकडे तपशील संपत नाहीत: कपाट कुठं होतं, कोण चिडलं, किती दिवस लागले. रचलेल्या गोष्टीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ‘मग सगळ्यांनी मिळून केलं’ असं धुकं पसरतं.

आता मराठीतली एक अडचण. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं, म्हणून भली माणसं ‘आम्ही केलं’ म्हणतात. आणि काम न करणाराही ‘आम्ही केलं’च म्हणतो. शब्दावरून निवाडा करू नका. सरळ विचारा: ‘त्यात तुमच्या हातातलं काम कोणतं होतं?’ तसंच ‘चूक झाली’, ‘माल खराब निघाला’ ही आपली रोजची वाक्यं. त्यांत कर्ता नसतोच. त्यावरून ‘हा जबाबदारी टाळतो’ असं ठरवणं घाईचं. ‘कोणाकडून झाली?’ एवढंच विचारा. जबाबदारी घेणारा लगेच ‘माझ्याकडून’ म्हणतो. टाळणारा मशीन, पाऊस, जुना सुपरवायझर असं फिरून येतो.

नोकरीचा अनुभवच नसलेला, आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा असेल तर प्रश्न त्याच्या आयुष्यातून उभा करा. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथात किंवा गल्लीच्या गणेशोत्सव मंडळात काम केलंय का? वर्गणीचा हिशेब कोणी ठेवला, शेवटी किती उरले, ते कुठं गेले? घरची शेती असेल तर ऊस तोडणीला टोळी वेळेवर आली नाही तेव्हा काय केलंत? घरात कोणाचं दवाखान्याचं काम कोणी बघितलं? एकवीस वर्षांच्या मुलीने आजीचे दवाखान्याचे कागद, बस आणि औषधं सहा महिने सांभाळली असतील, तर तो पुढाकाराचा अस्सल पुरावा आहे. कारखान्यातला नाही म्हणून त्याची किंमत कमी धरू नका.

बायोडाटातली मोकळी जागाही याच नजरेने बघा. हंगामात घरच्या उसात राबलेला किंवा गोव्यात वर्षभर हॉटेलात काम करून परतलेला माणूस ‘रिकामा’ नव्हता. तिथं काय केलं, ते विचारा.

पुढाकार की आगाऊपणा?

इथं बहुतेक भरती चुकते. ‘स्वतः होऊन करणारा’ हवा म्हणून घेतला आणि त्याने कोणाला न विचारता ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) बदलला, तर अख्खी बॅच भंगारात. पुढाकारासोबत कुठं थांबायचं, कोणाला सांगायचं ही समज तपासावी लागते. त्यासाठी घडलेला प्रसंग विचारून भागत नाही, समोर प्रसंग उभा करावा लागतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अशा प्रसंगप्रश्नांची पद्धत मांडली. तिचं मर्म असं की उत्तराचे नमुने आणि त्यांचे गुण मुलाखतीआधीच लिहून ठेवायचे.

सीएनसी टर्निंगसाठी एक नमुना घ्या:

‘शाफ्टचा बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे ०.०२. पहिला नग पास झालाय, २५.००२ होता. दोनशेची बॅच चालू आहे. पन्नासाव्या नगाला मायक्रोमीटर २५.०१५ दाखवतोय. सुपरवायझर जेवायला गेलाय. काय कराल?’

नग अजून टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आत आहे, हीच प्रश्नाची गोम. ‘पास आहे, चालू ठेवतो’ म्हणणाऱ्याला १ गुण. ‘लगेच ऑफसेट कमी करतो’ म्हणणाऱ्यालाही फार तर २, कारण माप का सरकलं ते त्याने बघितलंच नाही. ‘मशीन थांबवतो आणि सुपरवायझरला बोलावतो’ म्हणणाऱ्याला ३. सुरक्षित उत्तर, पण स्वतःचं डोकं अजून चाललेलं नाही. ५ गुण मिळवणारा आधी मापावरच शंका घेतो: मायक्रोमीटरचा शून्य तपासतो, नग गरम आहे का बघतो. पंचवीस मिलिमीटरचा पोलादी नग वीस अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण ०.००६ मिलिमीटर मोठा दिसतो, म्हणजे वाढीतला जवळजवळ निम्मा भाग नुसत्या उष्णतेचा असू शकतो. मग इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार बघतो, कारण धार झिजली की बाहेरचा व्यास वाढत जातो. मागचे दहा-पंधरा नग वेगळे काढून मोजतो, ऑफसेट बदलायची परवानगी त्याला आहे का ते विचारतो, आणि जे केलं ते नोंदवहीत लिहितो. आकडेमोड तोंडपाठ नसली तरी चालेल. ‘नग गार होऊ दे, मग मोजतो’ एवढं म्हणाला तरी त्याला कळलंय.

तुमच्या धंद्यातला असाच प्रसंग तुम्ही स्वतः लिहा. फौंड्रीत पावसाळ्यात वाळूतला ओलावा वाढून ओतकामात ब्लोहोल (हवेची भोकं) यायला लागणं, हा मोल्डिंग सुपरवायझरसाठी उत्तम प्रसंग आहे. ‘सकाळपासून रिजेक्शन वाढलंय, आधी काय बघाल, आणि तोवर मोल्डिंग चालू ठेवाल का?’

प्रामाणिकपणाचा प्रश्न

‘तुमचा एक अवगुण सांगा’ हा प्रश्न काढून टाका. ‘मी जरा जास्तच काम करतो’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी: ‘तुमच्या हातून झालेली, पैशाचं किंवा मालाचं नुकसान झालेली एक चूक सांगा. ती सगळ्यात आधी कोणाला कळली?’

शेवटच्या वाक्यावर सगळं आहे. चूक प्रत्येकाकडून होते. ती स्वतःला कळल्यापासून दुसऱ्याला सांगेपर्यंत किती वेळ गेला, हे मोजायचं आहे. ‘अर्ध्या तासात फोन केला’ आणि ‘महिन्याच्या हिशेबात निघालं’ यांत जो फरक आहे तो उद्या तुमच्या दुकानात दिसणार आहे. मागोमाग विचारा: ‘त्यानंतर तुम्ही कामाची पद्धत काय बदललीत?’ खरा शिकलेला माणूस एखादी बारीक, ठोस सवय सांगतो: आता बिल करताना मीटर दोनदा वाचतो, चेकचा नंबर आधी वहीत लिहितो.

पैशाच्या जागेसाठी प्रसंगप्रश्नही हवा. नेहमीचा प्रश्न ‘कलेक्शनमध्ये पाचशे रुपये कमी आले तर?’ असा असतो. तो उलटा करा: ‘दिवसाचं पिग्मी कलेक्शन मोजताना पाचशे रुपये जास्त आले. कोणाचे ते आठवत नाही. काय कराल?’ कमी आले तर काय बोलायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. जास्तीच्या वेळी माणूस मोकळा होतो. ‘उद्या कोणी विचारलं तर देईन’ हे कमी गुणांचं उत्तर. चांगलं उत्तर असं: पावत्या किंवा मशीनमधल्या नोंदी रकमेशी ताडून बघतो, शाखेत त्याच संध्याकाळी सांगतो, रक्कम शाखेच्या नियमाप्रमाणे अनामत खात्यात जमा करून पावती घेतो, दुसऱ्या दिवशी फेरीत ग्राहकांची पासबुकं तपासतो.

कमी पैशांचा प्रश्न विचारलाच आणि उमेदवार म्हणाला, ‘माझ्या खिशातून भरतो, कोणाला त्रास नको’, तर त्याला पूर्ण गुण देऊ नका. मन चांगलं आहे, पण चूक झाकली गेली आणि एखाद्या खातेदाराच्या पासबुकातली नोंद चुकीचीच राहिली. हे त्याला तिथंच समजावून विचारा, ‘मग आता काय कराल?’ ऐकून लगेच विचार बदलणारा माणूस शिकवण्याजोगा असतो.

न पटणाऱ्या माणसांशी

‘वरिष्ठांचा न पटलेला एक निर्णय सांगा. तुम्ही काय केलंत?’ या प्रश्नाला ‘असं कधी झालंच नाही’ म्हणणारा बहुधा घाबरलेला असतो. ‘आम्ही कोणाला काही सांगणार नाही, शिकायला मिळावं म्हणून विचारतोय’ असं म्हणून आणखी एक संधी द्या. पाहायचं एवढंच: तो वरिष्ठांशी समोरासमोर बोलला का, कधी बोलला, चारचौघांत की बाजूला घेऊन, आणि निर्णय बदलला नाही तरी काम नीट केलं का. आधीच्या मालकाची निंदा ऐकली की अनेक जण तिथंच फुली मारतात. जपून. पगार थकला असेल तर माणूस चिडणारच. तक्रार नेमकी आहे की सगळ्या जगावर आहे, ते बघा.

काउंटरसाठी: ‘लग्नाच्या बस्त्यातली साडी परत आली, बिल नाही, मालक गावाला गेलेत, ग्राहकासोबत पाच बायका आहेत.’ इथं उत्तरापेक्षा क्रम बघा. आधी बसवून पाणी विचारतो, मग साडी उलगडून बघतो, मग मालकाला फोन. की आधीच ‘बिलाशिवाय चालत नाही’?

हातात काम देऊन बघा

बोलण्यात मागे असलेला पण कामाचा पक्का माणूस पकडायचा असेल तर अर्ध्या तासाचं काम द्या. तीन नग, ०.०२ लीस्ट काउंटचा (सर्वांत लहान मापाचा) व्हर्नियर, ०.०१ चा मायक्रोमीटर आणि एक ड्रॉइंग. ड्रॉइंगमधलं एक माप मुद्दाम गाळा. आधीच सांगा, ‘काहीही विचारायचं असेल तर विचारा.’ गाळलेल्या मापाशी आल्यावर थांबून विचारणारा आणि अंदाजाने भरणारा, यांतला फरक तुम्हाला समोर दिसेल. ऑफिसच्या जागेसाठी दहा पावत्या आणि बेरीज न जुळणारी एक यादी द्या. अर्ध्या दिवसाचं काम करून घेत असाल तर त्याची मजुरी द्या.

गुण कसे लिहायचे

दोन जण मुलाखत घ्या आणि दोघांनी न बोलता आपापल्या कागदावर १ ते ५ गुण लिहा. आधी मालक बोलला की सुपरवायझर मान डोलावतो. गुणासोबत उमेदवाराचं एक वाक्य जसंच्या तसं लिहा: ‘दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं’. ‘चांगला वाटला’ असं लिहू नका. आठवड्याने त्याचा अर्थ तुम्हालाच लागणार नाही. दोघांच्या गुणांत दोनचा फरक असेल तिथंच चर्चा करा. चार प्रश्नांचे वीस गुण होतात, पण पैसे हाताळायच्या जागेला प्रामाणिकपणात २ किंवा कमी असेल तर बाकीची बेरीज बघू नका.

काय विचारू नये तेही ठरवून घ्या. लग्न कधी, मूल कधी, जात कोणती, आडनाव कुठलं, मत कोणाला: यातून कामाबद्दल काही कळत नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेत ती तरतूद कायम आहे. रात्रपाळीचा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारा: ‘पाळी रात्री बारापर्यंत असते, घरी जायची सोय काय?’ मुलगा असो वा मुलगी. खानापूरहून येणाऱ्याला तेव्हा बस मिळते का, हे तुम्हालाही आधी माहीत हवं.

‘आपल्या गावचा आहे’ हा सगळ्यात गोड सापळा. ओळखीच्या घरचा मुलगा आला की प्रश्न आपोआप सोपे होतात. त्याची मुलाखत ओळख नसलेल्या सहकाऱ्याकडे द्या.

चौकशीचा फोन

बेळगावात कोणाचीही माहिती दोन फोनवर मिळते, म्हणूनच उमेदवाराची परवानगी घेऊन चौकशी करा आणि सध्याच्या मालकाला कळवू नका. त्याची चालू नोकरी जाईल. जुन्या जागेच्या सुपरवायझरला गाठा आणि तीनच प्रश्न: कधीपासून कधीपर्यंत होता? मुलाखतीत त्याने सांगितलेला अमुक प्रसंग तुम्हाला आठवतो का? संधी मिळाली तर त्याला परत घ्याल का? तिसऱ्या प्रश्नाला आलेला छोटा थांबा नीट ऐका, आणि ‘का?’ विचारा.

उमेदवाराने पगार, सुट्टी, पीएफ विचारलं तर त्याला लोभी समजू नका. आकडा स्पष्ट सांगा. निवड झाली नाही तर आठ दिवसांत फोनने कळवा. तो तुमच्या फोनची वाट बघत दुसरीकडची नोकरी अडवून बसलेला असू शकतो. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका, बघून परत द्या.

मुलाखतीचे कागद फाइलमध्ये ठेवा. घेतलेल्या माणसाला तीन महिने झाले की सुपरवायझरला त्याच तीन गुणांवर १ ते ५ गुण द्यायला सांगा आणि जुन्या कागदाशी ताडून बघा. ज्या प्रश्नाला सगळ्यांनाच ४ मिळाले होते तो बदला. ज्या प्रश्नाचे गुण आणि प्रत्यक्ष काम जुळलं, तो पुढच्या भरतीत पहिला ठेवा.